पाणी शुद्ध होतं, विष कुठं जातं?

(महिला मंडळं व बचत गटांच्या जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो,

मला आज ‘नॅनो तंत्रज्ञान आणि पिण्याचं पाणी’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय ऐकून मागच्या रांगेतल्या काहीजणी आपसात हसल्या, ते मी पाहिलं. मीसुद्धा हसले होते. माझं विज्ञान बारावीला सुटलं. पुढं एम.एस.डब्ल्यू. केलं आणि गेली अकरा वर्षं यवतमाळ जिल्ह्यात बायकांच्या गटांबरोबर काम करते आहे. रेशन, दारूबंदी, रोजगार हमीची थकलेली मजुरी, नवऱ्यानं टाकलेल्या बाईची पोटगी, यावर मी तासभर बोलू शकते. हा विषय मात्र मी निवडलेला नाही. तो आमच्या दारात चालत आला. कसा आला, ते आधी सांगते.

गेल्या उन्हाळ्यात एका गावात गटाची मासिक बैठक चालू होती. एक तरुण मोटारसायकलला खोकं बांधून आला. खोक्यात पाण्याचा फिल्टर होता. त्यानं तो ओट्यावर मांडला, छापील पत्रकं वाटली आणि सांगितलं, “यात नॅनो टेक्नॉलॉजी आहे. वीज लागत नाही. सगळी घाण, सगळे आजार जातात. गटानं विक्री घेतली तर नगामागे कमिशन मिळेल. हप्तेही पाडून देऊ.”

हे गाव फ्लोराईडचं आहे. पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत. चाळिशीतल्या बायकांचे गुडघे वाकत नाहीत, चुलीपुढं बसता येत नाही म्हणून त्यांनी चूल उंच ओट्यावर चढवली आहे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरभर पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड असावं, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावं. इथल्या बोअरचं पाणी त्याच्या वर आहे. म्हणून एका मावशीनं विचारलं, “यानं आमच्या लेकरायचे दात वाचतीन काय?” तो म्हणाला, “सगळं जाते मावशी.”

जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलेलं आहे. आमच्या या गावातल्या पाचजणी शिकल्या आहेत, आणि तपासणीची पेटी त्यांच्याकडं असते. त्यातली एक उठली, घरून पेटी घेऊन आली. एका नळीत बोअरचं पाणी घेतलं, दुसऱ्या नळीत त्याच बोअरचं पण फिल्टरमधून आलेलं. दोन्हींत औषधाचे थेंब टाकले. या औषधाचा रंग मुळात गुलाबी असतो, पाण्यात फ्लोराईड जास्त असेल तर तो पिवळ्याकडं जातो. दोन्ही नळ्या सारख्याच पिवळ्या झाल्या.

तो पोरगा खजील झाला. तो काही लबाड नव्हता. पदवीधर, बेकार, दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन विकायला निघालेला. त्याला जे सांगितलं तेच तो आम्हाला सांगत होता. मी ते पत्रक घरी नेऊन नीट वाचलं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. चांदीचे अतिसूक्ष्म कण पाण्यातले जंतू मारतात, एवढंच त्यात छापलं होतं. फ्लोराईडचं नावही नव्हतं. म्हणजे दुखणं हाडांचं आणि आम्हाला मलम मिळत होतं खरजेचं.

त्या दिवशी दोन गोष्टी होऊ शकल्या असत्या. पेटी नसती तर पंचवीस बायकांनी हप्त्यानं फिल्टर घेतला असता, शेजारच्या गावात विकलाही असता. दुसरी गोष्ट, पेटीनं पितळ उघडं पाडल्यावर आम्ही म्हणून टाकलं असतं की नॅनो-बिनो सगळं थोतांड. मला या दोन्ही गोष्टी चुकीच्या वाटतात. म्हणून मी या विषयाचा अभ्यास करायला बसले. जे समजलं ते तुमच्यापुढं ठेवते.

दीड एकराचा खडा

नॅनो म्हणजे किती बारीक? एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो.

इतकं बारीक करून मिळतं काय? आपल्याला स्वयंपाकघरातून हे ठाऊक आहे. खडीसाखर विरघळायला वेळ लागतो, पिठीसाखर लगेच विरघळते. वस्तू तीच, वजन तेवढंच, पण बारीक केली की तिला पाणी लागायला जागा जास्त मिळते. एक सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच असा खडा घ्या. त्याच्या सहा बाजू मिळून सहा चौरस सेंटिमीटर होतात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या. त्याच खड्याचे एक-एक नॅनोमीटरचे तुकडे केले तर सगळ्या तुकड्यांच्या बाजू मिळून सहा हजार चौरस मीटर भरतात. म्हणजे जवळजवळ दीड एकर! पाण्यातलं विष या पृष्ठभागावर चिकटतं. जागा जेवढी जास्त तेवढं विष जास्त धरलं जातं. शिवाय काही पदार्थ इतके बारीक झाले की त्यांचे गुणही बदलतात. यात जादू काही नाही.

पण कोणता पदार्थ कोणतं विष धरतो, हे ठरलेलं असतं. चांदी जंतू मारते. लोखंडाचा गंज आर्सेनिक धरतो. अ‍ॅल्युमिनिअमची काही संयुगं फ्लोराईड धरतात. मद्रासच्या आय.आय.टी.तले प्रा. टी. प्रदीप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांदी-सोन्याच्या नॅनोकणांनी पाण्यातली काही कीटकनाशकं काढता येतात हे दाखवलं, आणि २००७ साली त्यावर आधारित फिल्टर बाजारातही आला. तेव्हा ‘नॅनो’ हा शब्द फक्त कणाचं आकारमान सांगतो. ‘हे गोळीचं औषध आहे’ म्हटल्यानं ते तापाचं की मधुमेहाचं हे कळत नाही, तसंच हे.

एक गोष्ट जाता जाता. चांदीचं नाव निघालं की कुणीतरी उठून म्हणतं, आपले पूर्वज चांदीच्या भांड्यात पाणी ठेवायचे, त्यांना सगळं माहीत होतं. त्यावर टाळ्या वाजवण्याआधी विचारा, चांदीचं भांडं कुणाच्या घरी होतं? आणि ते घासायला कोण होतं?

हापशाची गोष्ट

हे तंत्रज्ञान कुठं खरंच गरजेचं आहे, ते समजून घ्यायला बंगालकडं बघावं लागतं. इकडचा बंगाल आणि तिकडचा बांगलादेश, दोन्ही.

पूर्वी तिथली माणसं तळ्याचं आणि नदीचं पाणी प्यायची. त्या पाण्यातून कॉलरा आणि हगवण पसरायची, लहान मुलं मरायची. १९७०नंतर सरकारनं आणि युनिसेफसारख्या संस्थांनी लाखो कूपनलिका खोदल्या, लोकांनी स्वतःच्या खर्चानंही खोदल्या. दारात हापसा आला, बायकांची पायपीट वाचली. हे काम वाईट हेतूनं झालं असं कुणी म्हणणार नाही. आपल्याकडंही १९७२च्या दुष्काळात असेच बोअर घेतले गेले. परदेशी बनावटीचे बिडाचे हापसे अख्ख्या गावाच्या वापरानं मोडायचे, म्हणून जालना आणि सोलापूरच्या कारखान्यांतून पोलादी हापसे तयार झाले, आणि त्यावरूनच पुढं देशभर गेलेला ‘इंडिया मार्क टू’ घडला. आपल्यातल्या कितीतरीजणी त्याच हापशावर पाणी भरत मोठ्या झाल्या.

बंगालमध्ये खोदताना एक गोष्ट राहून गेली. पाण्यात जंतू आहेत का हे बघितलं गेलं, आर्सेनिक आहे का हे कुणी बघितलं नाही. १९८३ साली कोलकात्यात डॉ. के. सी. साहा यांच्याकडं त्वचेचे रुग्ण आले आणि पश्चिम बंगालमधला प्रकार उघडकीला आला. बांगलादेशात पाण्यातलं आर्सेनिक सापडायला १९९३ साल उजाडलं. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत अ‍ॅलन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलं की बांगलादेशातल्या साडेतीन ते पावणेआठ कोटी लोकांना याचा धोका आहे, आणि लोकसंख्येला झालेली ही इतिहासातली सर्वांत मोठी विषबाधा आहे. पुढच्या काही वर्षांत तिथल्या सुमारे ५० लाख कूपनलिका तपासल्या गेल्या. विषारी असेल तिचं तोंड लाल रंगवलं, बरी असेल तिचं हिरवं. चौदा लाखांच्या आसपास लाल निघाल्या.

आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यामुळं थोडं वाढतंच. फ्लोराईडचंही तसंच आहे, हे घरी जाऊन सगळ्यांना सांगा. वर्षानुवर्षं असं पाणी प्यायल्यावर तळहात-तळपाय खरबरीत होतात, अंगावर काळे-पांढरे ठिपके येतात, पुढं कर्करोग होतो. पुरुषाच्या अंगावर डाग आले तर तो आजारी. बाईच्या अंगावर आले तर तिला कुष्ठरोग झाला म्हणतात. डाग आहेत म्हणून मुलींची लग्नं अडली, लग्न झालेल्यांना माहेरी पाठवलं, टाकून दिलं, हे तिथल्या अभ्यासकांनी आणि कार्यकर्त्यांनी वारंवार नोंदवलं आहे. आणि दारातल्या हापशाचं तोंड लाल झालं तेव्हा हिरव्या हापशापर्यंत लांब चालत जायचं कुणी? अर्थातच बायकांनी. दुसऱ्याच्या अंगणातला हापसा असेल तर तिथली बोलणीही त्यांनीच खायची.

अशा ठिकाणी मद्रास आय.आय.टी.तल्या याच गटाचं काम उपयोगी पडलं. त्यांच्या पद्धतीचं नाव ‘अमृत’. लोखंडाच्या गंजाच्या जातीचा अतिसूक्ष्म कणांचा पदार्थ त्यांनी कायटोसानच्या जाळीत बसवला. कायटोसान हे कोळंबीच्या कवचापासून मिळतं, कोकणातल्या आपल्या मैत्रिणी सोलून टाकतात त्याच कवचापासून. त्यामुळं पदार्थ वाळूसारखा रवाळ होतो, नॅनोकण सुटे होऊन पाण्यात वाहून जात नाहीत, आणि हे सगळं साध्या तापमानाला, पाण्यातच बनवता येतं. वीज लागत नाही. नदिया, मुर्शिदाबाद या जिल्ह्यांत हापशांना जोडलेली अशी संयंत्रं बसली. याच गटानं २०१३ साली जंतू आणि विषारी धातू दोन्हींसाठी अशीच एक रीत प्रसिद्ध केली, तेव्हा खर्चाचा अंदाज एका कुटुंबाला वर्षाला अडीच डॉलर असा दिला होता. म्हणजे आपल्याच देशात, आपल्याच माणसांनी, गरिबाला परवडेल असा उपाय शोधला आहे. त्याला थोतांड म्हणणं हा अन्याय होईल.

मग माझं म्हणणं काय आहे?

उकिरड्यावर काय जातं?

माझं म्हणणं असं की फिल्टर विष नाहीसं करत नाही. तो ते पाण्यातून उचलतो आणि स्वतःत साठवतो. तो दीड एकर कधीतरी भरतो. भरला की दोन गोष्टी होतात. पाणी पूर्वीसारखंच विषारी येऊ लागतं, आणि चव-रंग बदलत नसल्यानं कुणाला कळत नाही. दुसरं, घरात विषानं भरलेली एक पिशवी तयार झालेली असते.

आमच्या भागातल्या दुसऱ्या एका गावात काही वर्षांपूर्वी फ्लोराईड काढायचं यंत्र बसलं होतं. ते नॅनोचं नव्हतं, साधं अ‍ॅल्युमिनाच्या पांढऱ्या गोळ्यांचं होतं, पण काम करायची रीत तीच. उद्घाटन झालं, नारळ फुटला, फोटो आले. बसवणाऱ्यांनी वर्षभर लक्ष दिलं, मग त्यांचा प्रकल्प संपला. गोळ्या भरल्या. पाणी येतच राहिलं, बायका विश्वासानं भरत राहिल्या. मी गेले तेव्हा यंत्राची टाकी उघडी होती आणि गोळ्या दिसत नव्हत्या. कुठं गेल्या विचारलं तर एक काकू म्हणाल्या, “मशीन देल्ली, पन हे भरलं म्हंजे टाकाचं कुठी, हे कोनं सांगतलंच नाही. म्या उकिरड्यावर टाकलं. उकिरड्याचं खत वावरात जाते.” असं म्हणून त्या माझ्याकडं बघत राहिल्या, जणू त्यांच्याच हातून काही गुन्हा झाला. गुन्हा त्यांचा नव्हता. पण त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही, आणि ती नजर मी विसरलेले नाही.

आर्सेनिकच्या बाबतीत तर उकिरडा हीच सर्वांत वाईट जागा. बंगालच्या जमिनीत विष सुटलं कसं, ते बघा. हिमालयातून येणाऱ्या नद्यांनी हजारो वर्षं गाळ आणला. गाळाच्या कणांवर गंजाचा थर होता आणि त्या गंजाला आर्सेनिक चिकटलेलं होतं. गाळाबरोबर पालापाचोळा गाडला गेला. हवा मिळेना, तेव्हा जमिनीतल्या सूक्ष्मजीवांच्या क्रियेनं गंज विरघळला आणि चिकटलेलं आर्सेनिक पाण्यात सुटलं. आता फिल्टरमध्ये काय आहे? गंज आणि त्याला चिकटलेलं आर्सेनिक. ते शेणाच्या, ओल्या कचऱ्याच्या, हवाबंद ढिगात टाकलं तर तीच गोष्ट पुन्हा घडू शकते. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या कसोटीत अशा टाकाऊ मालातून विष फारसं सुटत नाही असं दिसतं. पण कचऱ्याच्या ढिगाऱ्यातली परिस्थिती वेगळी असते आणि तिथं ही कसोटी धोका कमी दाखवते, असं २००४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं.

देखभालीचंही तेच. जादवपूर विद्यापीठाच्या संशोधकांनी पश्चिम बंगालमधली आर्सेनिक काढणारी संयंत्रं दोन वर्षं पाहिली आणि २००५ साली निष्कर्ष छापले. अकरा उत्पादकांची अठरा-एकोणीस संयंत्रं होती. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा, म्हणजे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, पूर्ण काळ पाळणारं त्यात एकही निघालं नाही. तेव्हाची भारतीय मर्यादा पाचपट सैल, ०.०५ होती. तीसुद्धा फक्त दोनच संयंत्रांनी कायम पाळली. ही जुन्या पद्धतीची संयंत्रं होती. नवा पदार्थ त्यांच्यापेक्षा सरस असेल, पण गावात त्याच्यामागं माणूस उभा नसेल तर त्याचीही गत तीच होईल.

आणि नॅनोकण सुटे झाले तर? काही पायमोज्यांना वास येऊ नये म्हणून नॅनो चांदी लावतात. असे मोजे धुतले की चांदी पाण्यात उतरते, असं २००८च्या एका अभ्यासात दिसलं. चांदी जंतू मारते, ती नदी-नाल्यातल्या उपयोगी जंतूंनाही मारते आणि माशांनाही घातक असते. इंग्लंडच्या रॉयल सोसायटीनं आणि तिथल्या अभियंत्यांच्या अकादमीनं २००४ सालीच सांगितलं होतं की फायदा धोक्याहून जास्त आहे हे सिद्ध होईपर्यंत पाणी-माती स्वच्छ करायला मोकळे नॅनोकण वापरू नयेत. जाळीत पक्के बसवलेले कण आणि मोकळे कण यांत म्हणूनच फरक करायला हवा. फिल्टरवाल्याला आपण तो विचारला पाहिजे.

हे काम कुणाचं?

आता आपल्या मुद्द्यावर येते. घरातलं पाणी हे बाईचं काम मानलं आहे. म्हणून फिल्टर आला की तो बाईच्या खात्यावर जमा होतो. तो भरायचा तिनं, धुवायचा तिनं, पिशवी कधी संपली ते लक्षात ठेवायचं तिनं, टाकायची तिनं. विकत घ्यायचा की नाही हे मात्र नवरा ठरवणार, आणि गावात संयंत्र बसवायचं तर सरपंच आणि ठेकेदार ठरवणार. पोर आजारी पडलं तर ‘फिल्टर दिला होता, हिनं नीट वापरला नाही’ असं म्हणायला सगळे मोकळे.

साधा हिशोब करून बघा. पाच माणसांच्या घरात प्यायला आणि स्वयंपाकाला मिळून दिवसाला पंचवीस लिटर पाणी धरा. स्वयंपाकाचं धरायलाच हवं, कारण वरण-भातातूनही विष पोटात जातं. फिल्टरची पिशवी तीन हजार लिटरची असेल तर ती एकशे वीस दिवसांत, म्हणजे चार महिन्यांत संपते. वर्षाला तीन पिशव्या. विकणारा फक्त पिण्याचं पाणी धरून हिशोब करतो आणि ‘वर्षभर चालेल’ म्हणतो. म्हणून बाई काय करते? पुरुषांच्या आणि पोरांच्या पिण्यापुरतं फिल्टरचं पाणी ठेवते, वरण बोअरच्या पाण्यात शिजवते, आणि स्वतः हंड्यातलं पिते. हे मी किती घरांत पाहिलं, ते मोजायचं सोडून दिलं.

यावर ‘बायकांना जागृत करा’ असं म्हणून भागणार नाही. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात महिला समाख्येच्या कामातून १९९०च्या दशकात दलित आणि आदिवासी बायका हापसे दुरुस्त करायला शिकल्या. पान्हे घेऊन गावोगाव गेल्या. बाईला यंत्र कळत नाही, हा समज त्यांनी मोडला. पाण्याच्या पेटीच्या बाबतीत आपणही ते करू शकतो. पण ते फुकट राबणं होऊ देऊ नका. पाणी तपासणं हे काम आहे आणि कामाचे पैसे मिळाले पाहिजेत. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या बायका असायच्या असतात. त्या सहीपुरत्या आहेत की हिशोबाची वही त्यांच्या हातात आहे, हे आपापल्या गावात बघा.

आम्ही काय ठरवलं

त्या फिल्टरवाल्या पोराला आम्ही हाकललं नाही. त्याला चहा दिला आणि त्याच्या कंपनीसाठी चार प्रश्न लिहून दिले. ते तुम्हीही उतरवून घ्या.

पहिला, हा फिल्टर नेमकं कोणतं विष काढतो? आमच्याच पाण्यावर, आमच्यासमोर, आधी आणि नंतर तपासून दाखवाल का?

दुसरा, किती लिटरनंतर तो भरतो, आणि भरला हे आम्हाला कशावरून कळेल?

तिसरा, भरलेली पिशवी परत कोण नेईल, कुठं नेईल, आणि हे करारात लिहून द्याल का?

चौथा, पिशवी बदलायचा खर्च आणि राबणं कुणाच्या माथ्यावर? बिघडला तर जबाबदार कोण?

अजून लेखी उत्तर आलेलं नाही. येईपर्यंत आमचे गट विक्री घेणार नाहीत, असा ठराव आम्ही केला आहे. काही बायका नाराज झाल्या, कमिशनचे चार पैसे सुटले म्हणून. त्यांची अडचण खरी आहे. पण आपल्या शब्दावर विश्वास ठेवून शेजारीण जे विकत घेणार, ते आधी आपल्याला पटलं पाहिजे.

या चार प्रश्नांच्याही आधी एक प्रश्न असतो, तो आम्हाला उशिरा सुचला. विष नसलेलं पाणी जवळ कुठं आहे का? पाचजणींनी पेटी घेऊन गावातले सगळे पाणवठे तपासले. खोल बोअरपेक्षा उथळ विहिरीच्या पाण्यात बहुधा फ्लोराईड कमी असतं. आमच्या गावातही गावठाणातल्या जुन्या विहिरीचं पाणी चांगलं निघालं. वस्तीतल्या बायका तिथं जात नाहीत. का जात नाही विचारलं तर गावातले म्हणतात, “आम्ही कुठं अडवतो?” वस्तीतल्या म्हणतात, “कोनी अडवत नाही, पन कोनी जातही नाही.” १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, त्याला शंभर वर्षं होत आली. आमच्या गावातल्या दलित वस्तीतली पोरं पिवळे दात घेऊन फिरतात आणि चांगलं पाणी चारशे पावलांवर आहे. तिथं अतिसूक्ष्म कण काय करणार? तो प्रश्न सूक्ष्म नाही.

आम्ही महिला ग्रामसभेत ठराव मांडला की त्या विहिरीवरून वस्तीत नळ न्यावा. मुख्य ग्रामसभा दोनदा गणपूर्ती नाही म्हणून तहकूब झाली. तिसऱ्या वेळी वस्तीतल्या आणि गावठाणातल्या बायका मिळून येऊन बसल्या आणि ठराव मंजूर झाला. पाइप अजून पडायचा आहे. पाठपुरावा चालू आहे.

जिथं अशी विहीर नसेल तिथं फिल्टर लागेल, नॅनोचाही लागेल. तो जरूर मागू या. पण घराघरात हप्त्यानं विकत घ्यायची वस्तू म्हणून मागायला नको. पाणीपुरवठ्याचाच भाग म्हणून, सरकारच्या खर्चानं, देखभाल आणि टाकाऊ मालाच्या जबाबदारीसकट मागू या. मुंबईत मृणाल गोरे यांना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणायचे, ते त्यांनी घरोघरी पाणी शुद्ध करून दिलं म्हणून नव्हे. पाणी देणं ज्यांचं काम आहे त्यांच्या दारात त्या बायकांना घेऊन गेल्या म्हणून. २०१० साली संयुक्त राष्ट्रांनी सुरक्षित पाणी हा मानवी हक्क मानला. हक्काची वस्तू मिळवण्यासाठी बाईनं कर्ज काढायचं, हे आपण मान्य करता कामा नये.

मैत्रिणींनो, इथून गेल्यावर एकच काम करा. आपल्या गावातली पाणी तपासायची पेटी कुणाकडं आहे ते शोधा. बहुतेक ती ग्रामपंचायतीच्या कपाटात कुलपात सापडेल. ती बाहेर काढा, औषधांची मुदत बघा, आणि गावातला प्रत्येक पाणवठा तपासून आकडे शाळेच्या भिंतीवर लिहा. वस्तीतला पाणवठा सगळ्यात आधी तपासा. पुढच्या मेळाव्याला आपण भेटू तेव्हा मला भाषण नको, ते आकडे हवेत.

उकिरड्यावर गोळ्या टाकणाऱ्या त्या काकूंना मी अजून उत्तर द्यायचं आहे. ते मी एकटी देऊ शकत नाही. त्यासाठी तुमच्या सगळ्यांच्या वह्या लागतील.